मारानेल्लोला फेरारीची ट्रायल मारायला जाताय?

इटलीतल्या मारानेल्लोत फेरारीच्या म्युझियमच्या आसपास रस्त्याकडेला लाल-पिवळ्या गाड्या तिरक्या लावून ठेवलेल्या असतात. शेजारी टी-शर्टातली पोरं उभी. तुम्ही चालता चालता जरा जरी रेंगाळलात तरी त्यातला एकजण हसत पुढं येतो, "टेस्ट ड्राइव्ह?" ही दुकानं फेरारी कंपनीची नव्हेत, हे आधी डोक्यात ठेवा. खासगी धंदा आहे. गाडी त्यांची, शेजारी बसणारा माणूस त्यांचा आणि रस्ता सगळ्यांचा. कंपनीचा फिओरानो ट्रॅक तिथून हाकेच्या अंतरावर आहे, पण तो आपल्यासाठी नाही. आपल्याला ट्रॅक्टर, सायकलवाले आणि बस यांच्या मागूनच चालवायचं असतं.

माझं कोल्हापुरात उद्यमनगरात गॅरेज आहे. लेक म्युनिकला नोकरीला असते, तिच्याकडं गेलो की इटलीत एक चक्कर होते. म्युनिकहून ब्रेनर खिंडीतून उतरणारी रेल्वे बोलोन्याला आणून सोडते, तिथून मोडेना साधारण अर्ध्या तासावर आणि मोडेनाहून बस. खुद्द मारानेल्लोला रेल्वे स्टेशन नाही.

गॅरेजवाल्याला ट्रायल मारायची सवय असते. काम झालेली गाडी घेऊन बाहेर पडायचं आणि दहा मिनिटांत तिचं काय दुखतंय ते ओळखायचं. क्लच सरकतोय का, गाडी ओढतेय का, ड्रम वाजतोय का. नाही ओळखलं तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात. हीच सवय मारानेल्लोत कामाला येते, कारण तिथंही वेळ तेवढाच मिळतो. बहुतेक माणसं तो सगळा वेळ वेग शोधण्यात घालवतात आणि उतरल्यावर त्यांना 'लई भारी' यापलीकडं काही सांगता येत नाही. वेग त्या रस्त्यावर मिळतच नाही. बघायचं ते हे, की तुम्ही काही केलं की गाडी त्याला काय उत्तर देते. ते ३० च्या वेगातही दिसतं. पुढं जे सांगतोय ते सगळं याच हिशेबानं.

कोल्हापुरातूनच करून न्यायची कामं

आंतरराष्ट्रीय परवाना काढा. आपलं साधं लायसन्स दाखवून कुणी चावी देईल या भरवशावर जाऊ नका. आरटीओचं काम आहे, फॉर्म ४-अ भरायचा, पासपोर्ट, व्हिसा आणि चालू लायसन्स जोडायचं, फी १,००० रुपये. हा परवाना एक वर्ष चालतो. तिकडं तो एकटा चालत नाही, मूळ लायसन्सही खिशात लागतं. लायसन्सची मुदत संपत आली असेल तर आधी तेच नवं करून घ्या.

बूट पातळ तळव्याचे न्या. जाड रबरी तळव्याच्या बुटातून पेडल कळत नाही, आणि ज्यासाठी पैसे मोजलेत त्यातलं निम्मं त्या पेडलमध्येच आहे.

तिसरी गोष्ट, डाव्या बाजूला बसून उजवीकडून चालवायची सवय. ती फेरारीत बसून करू नका. लेकीची किंवा भाड्याची एखादी साधी गाडी आधी थोडी चालवून घ्या. आपल्याकडं आपण उजवीकडं बसतो, त्यामुळं गाडीचा बहुतेक भाग आपल्या डावीकडं असतो हे अंगात भिनलेलं असतं. तिकडं उलटं होतं आणि नवा माणूस नकळत उजव्या कडेला सरकत जातो, जिथं फुटपाथाचा दगड असतो. उपाय एकच. डावं पुढचं चाक मधल्या पट्ट्याच्या जवळ ठेवायचं, उजवीकडचं आपोआप जमतं. गोल चौकात डावीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं आणि उजवीकडून फिरायचं. मारानेल्लोत असे चौक पावलोपावली आहेत.

कुठली गाडी, किती मिनिटं

दहा मिनिटांची फेरी घेऊ नका. ती गावातल्या चौकांतच संपते. भाव मॉडेलवर आणि मिनिटांवर ठरतो. दहा मिनिटांना साधारण शंभर युरोंच्या आसपास सुरुवात होते आणि अर्ध्या तासाला काहीशे युरो जातात. पैसे एकदाच खर्च करणार असाल तर सेर्रामाझ्झोनीच्या दिशेनं डोंगरात जाणारी लांब फेरी घ्या, आणि 'कुठल्या रस्त्यानं नेणार' हे पैसे देण्याआधी नकाशावर बोट ठेवून विचारा. कंपनीच्या गाड्या तपासायला याच डोंगरातले रस्ते पूर्वापार वापरले जातात. काळ्या-पांढऱ्या नक्षीची पट्टी चिकटवलेली, अजून बाजारात न आलेली एखादी गाडी समोरून आली तर नवल वाटून घेऊ नका. रविवार टाळा. त्या दिवशी डोंगरात सायकलवाले आणि मोटरसायकलवाले यांची जत्रा असते.

आता गाडी. दुकानात साधारण तीन जातीच्या गाड्या असतात. एक, छत उघडणारी कॅलिफोर्निया किंवा पोर्टोफिनो. दोन, ४८८ सारखी टर्बोवाली (टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा). तीन, ४५८ इटालिया. ही २००९ ला आली आणि २०१५ ला बंद झाली. तिच्यात साडेचार लिटरचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागं आहे आणि त्याला टर्बो नाही. ताकद ५७० हॉर्सपॉवर, तीही ९,००० आरपीएमला (आरपीएम म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे). ४८८ कागदावर कितीतरी पुढं आहे, ६७० हॉर्सपॉवर आणि ३,००० आरपीएमलाच ७६० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढ. ४५८ चा टॉर्क ५४० आणि तो यायला ६,००० पर्यंत चढावं लागतं.

तरी माझं मत ४५८ ला. टर्बोवाली पायाला स्पर्श झाला की धक्का देते, पण त्या धक्क्यात पायाचं श्रेय किती आणि टर्बोचं किती हे नवख्याला कळत नाही. ४५८ मध्ये पाय जेवढा दाबाल तेवढंच मिळतं, तिळभर जास्त नाही आणि तिळभर कमी नाही. कार्ब्युरेटरच्या जमान्यापासून कानानं इंजिन लावणाऱ्या माणसाला यातली मजा वेगळी सांगायला नको. शिवाय अशी इंजिनं आता नवीन गाड्यांत फारशी येत नाहीत.

एक गोष्ट घरच्यांना आधी सांगून ठेवा. ४५८ आणि ४८८ ला सीटा दोनच. दुसरीवर दुकानाचा माणूस बसतो. आमच्या मंडळींनी नवी साडी नेसून तयारी केली होती, त्यांना लेकीबरोबर कॉफीच्या दुकानात बसावं लागलं. सगळ्यांना एकत्र फिरायचं असेल तर कॅलिफोर्नियाच्या मागच्या दोन चिमुकल्या सीटांबद्दल विचारा. पोरं मावतात, मोठ्या माणसानं गुडघे कुठं ठेवायचे हा प्रश्न उरतो.

सहीच्या आधी

करार दोन भाषांत असतो. त्यात विम्याचा एक आकडा असतो, तो शोधा. गाडीला काही झालं तर विमा कंपनीच्या आधी तुमच्या खिशातून किती जाणार, तो आकडा. तो काही हजार युरोंत असू शकतो. जादा पैसे भरून तो कमी करता येतो का ते विचारा. चाक, रिम आणि काच त्यात धरलेत का, हेही विचारा, कारण आपल्यासारख्याकडून मार बसला तर उजव्या रिमलाच बसतो.

दुसरं कलम दंडाचं. इटलीत गावात मर्यादा ५०, गावाबाहेरच्या साध्या रस्त्यावर ९०. रस्त्याकडेला कॅमेऱ्याच्या पेट्या असतात. दंड दुकानाच्या नावावर येतो आणि ते तुमच्या कार्डावर टाकतात, कधी कधी तुम्ही घरी पोचून आंबे खात असताना.

मग गाडीभोवती एक फेरी मारा, मोबाइलवर व्हिडिओ काढत. दुकानाच्या माणसाला याचं काही वाटत नाही, चांगला माणूस असेल तर तोच सुचवतो. रिमच्या कडा, पुढच्या बंपरची खालची बाजू, आरसे. आणि टायर बघा. टायरच्या भिंतीवर चार आकड्यांचा शिक्का असतो, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३५२३ म्हणजे २०२३ चा ३५ वा आठवडा. ४५८ चे मागचे टायर २९५ मिलिमीटर रुंदीचे असतात आणि या गाड्या दिवसभर नवख्यांच्या हातात असतात, त्यामुळं ते लवकर जातात. टायर मधोमध गुळगुळीत झाला असेल तर गाडी बदलून मागा. झिजक्या टायरवरची फेरारी कशी चालते ही फेरारीची पारख नव्हे.

त्याच फेरीत चाकाच्या आऱ्यांमधून ब्रेकची डिस्क बघून घ्या. मी तिथं गुडघ्यावर बसलो तेव्हा दुकानातलं पोरगं म्हणालं, "काही पडलं का?" डिस्क लोखंडाची नसते, कार्बन-सिरॅमिकची असते. रंग राखाडी, चकाकी नाही, आणि पृष्ठभागावर तुटक धाग्यांची नक्षी दिसते. पुढच्या डिस्कचा व्यास ३९८ मिलिमीटर. मारुती ८०० चं रिम १२ इंचाचं, म्हणजे ३०५ मिलिमीटर. आपण ज्या गाडीवर धंदा शिकलो तिच्या अख्ख्या रिमपेक्षा या गाडीची नुसती डिस्क मोठी. कडेला गंज नाही, कारण गंजायला लोखंडच नाही.

बसल्यावर, चावी फिरवण्याआधी

बसायची पद्धत अशी, पाठ गाडीकडं करून आधी बूड टेकायचं, मग दोन्ही पाय आत घ्यायचे. एक पाय आत घालून बसायला गेलात तर डोकं छताला लागतं. गाडीची उंची १,२१३ मिलिमीटर, म्हणजे उभ्या माणसाच्या पोटाच्या जरा वर. पाकीट, मोबाइल, किल्ल्या खिशातून काढून ठेवा.

सीट अशी लावा की ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील, आणि पाठ सीटला टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर पोचेल. दुकानवाले घाई करतात, पुढचं गिऱ्हाईक थांबलेलं असतं. करू द्या. मिनिटं गाडी निघाल्यावर सुरू होतात का, हे आधीच विचारून ठेवलं असेल तर तुम्हाला घाई करायचं कारण नाही.

आता स्टिअरिंग बघा. ४५८ मध्ये इंडिकेटरची दांडीच नाही. डावं-उजवं इंडिकेटर म्हणजे स्टिअरिंगच्या आऱ्यांवरची दोन बटणं. वायपर, दिवे, सगळं तिथंच. यात आपला एक फायदा आहे. युरोपातल्या साध्या गाडीत आपण इंडिकेटर द्यायला जातो आणि कोरड्या काचेवर वायपर फिरतो. इथं ती सवयच निकामी होते, इटालियन माणसालाही तेवढंच नवीन. पण बटण स्टिअरिंगबरोबर फिरतं. गोल चौकातून बाहेर पडताना उजवं बटण उजवीकडं नसतं, ते खाली गेलेलं असतं. उभ्या गाडीत दोन-चारदा दाबून बोटांना दाखवून ठेवा.

दांडीच्या जागी मागं दोन लांब पाती असतात. उजवं ओढलं की गिअर वर, डावं ओढलं की खाली, दोन्ही एकदम ओढली की न्यूट्रल. ही पाती स्टिअरिंगला नाही, मागच्या खांबाला बसवलेली आहेत, म्हणजे स्टिअरिंग फिरलं तरी ती जागच्या जागी. मोठ्या वळणात हात फिरलेला असेल तर पातं शोधू नका, गिअर वळणाआधीच टाका. क्लचचं पेडल नाही. गिअरचा दांडाही नाही, तरी पहिल्या चौकात डावा हात सवयीनं खाली जातो आणि दारावर आपटतो. रिव्हर्स मधल्या पट्टीवरच्या बटणात आहे, ते शेजारच्यालाच दाबू द्या.

स्टिअरिंगवर खाली उजवीकडं लाल रंगाचा एक छोटा खटका असतो, मानेत्तिनो म्हणतात त्याला. त्यात वेट, स्पोर्ट, रेस आणि त्यापुढं गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक मदत काढून घेणाऱ्या दोन जागा आहेत. रस्ता कोरडा तर स्पोर्ट, ओला तर वेट. बाकी हात लावू नका. त्या पुढच्या दोन जागांवर नेण्याचा हट्ट धरणारी माणसंही असतात. भाड्याच्या गाडीत, परक्या रस्त्यावर, थंड टायरवर आपली हौस कुणाला दाखवायची असते ते मला कळलेलं नाही.

पहिला टप्पा: हळू

गावातून बाहेर पडेपर्यंत गिअर ऑटोवर ठेवा. हा वेळ वाया जात नाही, खरी पारख इथंच होते.

आधी स्टिअरिंग. या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण दोनच वळसे, आपल्या रोजच्या गाडीत तीनच्या आसपास असतात. त्यामुळं नवा माणूस पहिल्या चौकात गरजेपेक्षा जास्त फिरवतो आणि गाडी आतल्या दगडाकडं तोंड करते. हात कमी फिरवा. ज्यांनी कोल्हापुरात मोहित्यांच्या ट्रॅकवर गो-कार्ट चालवलीय त्यांना हा स्वभाव लगेच ओळखीचा वाटेल. मग सरळ रस्त्यावर बोटं सैल सोडून बघा, हात काढायचे नाहीत, नुसती पकड हलकी करायची. रस्त्याचा उंचसखलपणा बोटांत येतो का, गाडी एका बाजूला ओढते का. ओढत असेल तर तो त्या एका गाडीचा दोष, मॉडेलच्या माथी मारू नका.

मग रुंदी. १,९३७ मिलिमीटर. स्विफ्टपेक्षा वीस सेंटिमीटर जास्त, आणि ते सगळे तुमच्या उजवीकडं वाढलेले. पुढचे दोन्ही चाकांवरचे फुगवटे मात्र काचेतून छान दिसतात, त्यांच्यामधून रस्ता धरता येतो. मागं बघण्याचा विषय वेगळा. आतल्या आरशात आधी इंजिनवरची काच आणि तिच्यातून थरथरणारं मागचं जग. मालवाहू ट्रक शेजारी उभा राहिला की त्याच्या चाकाचे नट तुमच्या डोळ्यांसमोर येतात. अशा वेळी बसक्या गाडीचं कौतुक बाजूला राहतं, ट्रकवाल्याला आपण दिसतोय का ही काळजी सुरू होते.

ऑटोवर ही गाडी फार लवकर वरच्या गिअरला जाते. आवाज बसतो, नवख्याला वाटतं, 'एवढंच?' त्या गप्प चालण्यातही गोष्ट आहे. १९६० च्या दशकातल्या असल्या गाड्या गावातल्या गर्दीत तापायच्या, प्लग काळे व्हायचे, क्लच दाबून मांडी दुखायची. हिला तुम्ही भाजी आणायला नेऊ शकता. गाडी एवढी सरळ वागते म्हणून हिरमुसू नका, ते करायला अभियंत्यांचा घाम गेलाय.

रस्ता ठिगळांचा लागला की स्टिअरिंगवरचं शॉकॲब्सॉर्बरच्या चित्राचं बटण दाबायला सांगा. शॉकॲब्सॉर्बर मऊ होतात, बाकीचं तसंच राहतं. दाबण्याआधी आणि दाबल्यावर एकाच तऱ्हेच्या रस्त्यावर कंबरेला काय कळतं ते बघा. मला तर या गाडीतली सगळ्यात जास्त अचंबा वाटलेली गोष्ट हीच. ३५ च्या प्रोफाइलचा, म्हणजे बुटक्या भिंतीचा टायर, २० इंची रिम, आणि खड्डा मणक्यापर्यंत येत नाही.

ब्रेक

ब्रेकची ओळख इंजिनच्या आधी करून घ्या. शेजारच्याला सांगा, "मागं कोणी नसताना एकदा ब्रेक बघायचाय." चांगला माणूस लगेच मान डोलावतो, आरशात बघतो आणि हातानं खूण करतो.

आधी हलका दाबा. सिरॅमिक डिस्क थंड असताना पेडल थोडं लाकडी लागतं, कधी चिरकतंही. घाबरू नका, ते जातीचं लक्षण आहे. दोन-तीनदा मापात दाबून झाल्यावर डिस्क तापते आणि मग खरी गंमत. पेडल खाली जातच नाही. आपल्या गाडीत ब्रेक म्हणजे पाय किती खाली गेला याचा हिशेब. इथं हिशेब जोर किती लावला याचा. पेडल जवळपास तिथंच राहतं आणि गाडी जोराच्या प्रमाणात थांबते. डोंगरातून उतरताना एका वळणाआधी मी नेहमीच्या जागी पाय ठेवला आणि वळण यायच्या कितीतरी आधी गाडी पायी चालण्याच्या वेगाला आली. शेजारचं पोरगं पट्ट्यात पुढं झुकलं आणि म्हणालं, "सिन्योर, वळण अजून तिकडं आहे." पुढच्या वळणांना पाय उशिरा आणि कमी. असं दोन-तीन वळणांत पाय शिकतो, आणि तो शिकताना कळणं हेच या फेरीचं निम्मं मोल आहे.

आता इंजिन

गावाबाहेर मोकळा, सरळ, दिसणारा रस्ता लागला की ऑटो बंद करून गिअर हातात घ्या.

इथं एक साधा हिशेब कामाचा. ४५८ दुसऱ्या गिअरमध्ये लाल रेषेपर्यंत नेली तर वेग १०० च्या पुढं जातो, आणि मर्यादा ९०. म्हणजे सात गिअरपैकी दुसराही कायद्यात राहून पुरा होत नाही. पण पहिला होतो. म्हणून शेजारच्याची परवानगी घेऊन, गाडी सरळ आणि हळू चालू असताना पहिल्या गिअरमध्ये घ्या आणि पाय एका दमात नाही, मोजत दाबत न्या. कान उघडे ठेवा. ३,००० च्या आसपास सायलेन्सरमधल्या झडपा उघडतात आणि आवाज बदलतो. ६,००० ला आपल्या मनातलं इंजिन संपलेलं असतं, हात आपोआप पात्याकडं जातो. थांबा. खरं काम तिथून पुढं आहे. मधोमध बसवलेल्या मोठ्या काट्याला ९,००० पर्यंत जाऊ द्या आणि उजवं पातं ओढा. गिअर पडल्याचं पायाला कळत नाही, फक्त आवाजाची पट्टी खाली उतरते. मग पाय काढा, ९० च्या आत रहा.

हा आवाज असा का, ते मेस्त्री माणसाला सांगितलं पाहिजे. अमेरिकन व्ही-८ ची क्रँक (पिस्टनच्या वर-खालीचं फिरण्यात रूपांतर करणारी दांडी) टोकाकडून बघितली तर अधिक चिन्हासारखी दिसते, म्हणून तिच्यात ती गुरगुर आणि ढबढब. फेरारीची क्रँक सपाट, आपल्या साध्या चार सिलिंडरवाल्या गाडीत असते तशीच १८० अंशांची. त्यामुळं डाव्या-उजव्या बाजूचे स्फोट आळीपाळीनं, सारख्या अंतरानं होतात आणि दोन चार-सिलिंडर इंजिनं एका सुरात ओरडल्यासारखा आवाज येतो. सपाट क्रँकला जड वजनं लावावी लागत नाहीत, म्हणून ती चटकन चढते आणि पाय काढला की चटकन उतरते. थरथर जरा जास्त येते, ती सीटमधून कळते. तेलाचा चेंबरही खाली लोंबत नाही, तेल वेगळ्या टाकीत ठेवतात, म्हणून अख्खं इंजिन जमिनीलगत बसवता आलंय. वळणात गाडी झुकत नाही, त्याचं एक कारण हे.

चढत्या वळणांवर तिसऱ्या गिअरमध्ये ठेवून नुसत्या पायानं गाडी चालवून बघा. ब्रेक नाही, गिअर नाही. वळणात पाय किंचित काढला की नाक आत येतं, किंचित दिला की सरळ होतं. हे ५० च्या वेगातही होतं. माझ्या लेखी हे ३.४ सेकंदांत शंभरचा वेग गाठण्यापेक्षा मोठं. ती सेकंदं कंपनी आपल्या कागदावर छापूनच देते, ती तपासायला इटलीला कशाला जायचं.

गावात परतताना शेवटची दोन-तीन किलोमीटर पुन्हा ऑटोवर घ्या. इंजिनही निवतं आणि तुम्हीही.

उतरल्यावर

व्हिडिओ विकायला येतील. घ्या किंवा नको म्हणा, पण त्याआधी बाजूला जाऊन मोबाइलवर चार ओळी बोलून ठेवा. स्टिअरिंग कसं, पेडल कसं, कुठं घाबरलो, कुठं नको वाटलं. तासाभरानं सगळं 'लई भारी'त विरघळतं. गाडी परत दिल्याचा, काही नुकसान नसल्याचा कागद सहीसकट घ्या आणि कार्डावर अडकवलेली रक्कम कधी सुटणार ते लिहून मागा. हा कागद वर्षभर टाकू नका.

हे सगळं वाचून कुणी खरोखरच गाडी घ्यायच्या विचारात असेल, तर मारानेल्लोची फेरी त्याला पुरायची नाही. त्यानं मुंबईतल्या शोरूमला दिवसा, ट्रॅफिकमध्ये गाडी मागावी. एसी उन्हात किती तग धरतो, थांबत-सरकत चालताना गिअरबॉक्स झटके देतो का, पुढचा बंपर वर उचलायची सोय या गाडीत आहे का, आणि आपल्या सोसायटीच्या पार्किंगच्या उतारावर नाक घासतं का. ४५८ ला ती सोय जादा पैशांत होती, सगळ्यांत नव्हती. जुनी घेताना डिस्कची जाडी आणि वजन कंपनीच्या माणसाकडून तपासून घ्या. सिरॅमिक डिस्क डोळ्यांनी जुनी दिसत नाही, आणि बदलायचा खर्च ऐकून माणूस खाली बसतो.

म्युझियम फेरीनंतर बघा, आधी नको. आधी बघितलं तर डोक्यात शर्यतींच्या गोष्टी भरतात आणि पाय जड होतो. मारानेल्लो आणि मोडेना दोन्हीकडच्या म्युझियमचं एकत्र तिकीट मिळतं. दोन्हीसाठी वेळ नसेल तर गॅरेज-फाउंड्रीच्या माणसानं मोडेनाचं निवडावं, असं मी सांगेन. एन्झो फेरारी १८९८ ला मोडेनात जन्मले. त्यांचे वडील धातूकामाचा कारखाना चालवायचे. तो कारखाना नीट करून आता त्यात फेरारीची इंजिनं मांडली आहेत. स्टँडवर, उघडी, चारी बाजूंनी फिरून बघता येतील अशी. मंडळींना बाहेर तोर्तेल्लिनी खायला बसवा आणि दोन तास मागून घ्या. एका तासात होत नाही.